तोमेची बाग आणि हरवलेली कौलं

घरामागची कौलं चोरीला गेली, त्या दिवसापासून तोमेने शेजारच्या मात्सुशी बोलणं टाकलं.

चांगली लाल, भट्टीत खरपूस भाजलेली कौलं होती ती. तोमेचा नवरा गेनसेइ छपरं शाकारणारा कारागीर. बेटावरच्या आमच्या साकिबारू गावातल्या निम्म्या छपरांवर राखणीला बसवलेले चुन्याचे सिंह त्याच्याच हातचे. कामावरून उरलेली, कड उडालेली कौलं तो घरी आणून मागच्या भिंतीशी रचायचा. तर तो ढीग हळूहळू खाली बसायला लागला. या आठवड्यात चार कमी, पुढच्या महिन्यात आणखी सहा. आणि नेमक्या त्याच सुमाराला मात्सुच्या डुकरांच्या खोपटावर नवं लाल छप्पर चढलं. आता तुम्हीच सांगा, तोमेने काय समजायचं?

ती भर दुपारी शिडी लावून मात्सुच्या खोपटावर चढली आणि एकेक कौल उपसून बघायला लागली. खाली मात्सु उभी, हातात ऊस तोडायचा कोयता.

"उतर खाली, तोमे! डुकरं बिथरलीत माझी."

"बिथरू देत! कुणाच्या कौलांखाली झोपतात ते त्यांनाही कळू दे."

"बंदरावरच्या दुकानातून आणलीत मी. पावती दाखवू?"

"पावतीचं कौतुक मला नको सांगूस. भाचा कुणाचा आहे त्या दुकानात?"

गेनसेइ कुंपणापाशी उभा होता. "अगं जाऊ दे ना, कौलंच तर आहेत," एवढंच पुटपुटला आणि कानापर्यंत लाल झाला. बायकोच्या तोंडाळपणाची लाज वाटली असणार, असं तोमेला वाटलं. पुढे तो अधूनमधून मात्सुच्या मागल्या दारी पानात गुंडाळलेले मासे ठेवून यायचा, तेही तिने पाहिलं होतं. "चोराच्या घरी वाण नेऊन देतोय, कणा म्हणून नाही माणसाला," असं तिने सगळ्या गावात सांगून टाकलं.

तेव्हापासून दोन्ही घरांमधलं कुंपण वाढलं ते वाढलंच. चौदा वर्षं.

पण तोमेची खरी ओळख या भांडणाची नव्हे. तिची ओळख बागेची.

डोंगर सपाट करून अननसाची शेतं केली, तेव्हापासून दर पावसाला आमचा समुद्र लाल व्हायचा. गाळाखाली पोवळी गुदमरत होतीच. त्यात एक उन्हाळा असा तापला, की उरलीसुरलीही आधी पांढरीफट पडली आणि मग शेवाळाने काळी झाली. मासे गेले, कालवं गेली. तिसऱ्या महिन्यातल्या सणाला गावातल्या बायका ओहोटीला समुद्रात उतरून हातपाय बुडवतात, शिंपले, कालवं, आठपायी म्हणजे ऑक्टोपस, जे मिळेल ते टोपलीत घालून आणतात. त्या वर्षी सगळ्या जणी रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. तोमेची सासू वाटेत बसून रडली.

दुसऱ्या दिवशी पन्नाशीचा गेनसेइ डोळ्यांवर काच लावून पाण्यात उतरला. आठ दिवस शोधल्यावर बाहेरच्या खडकाच्या कडेला त्याला एक जिवंत पोवळं सापडलं. फांद्याफांद्यांचं, टोकं निळी. नवराबायको त्याला 'आई' म्हणायला लागले. मासेमारांच्या संघाची परवानगी काढून त्यांनी आईची एकेक फांदी तोडायची, मेलेल्या खडकावर तारेने बांधायची, असं सुरू केलं. फांदी वर्षात वीतभर वाढायची. मग तिच्या फांद्या तोडायच्या आणि पुढे बांधायच्या.

गेनसेइ पाण्यात, तोमे होडीत. वादळाने बागेतून मोडलेले आणि लांबून कुठून वाहत आलेले तुकडेही तो गोळा करून वर द्यायचा, आणि तोमे होडीत बसून तांदूळ निवडावेत तशी ते निवडायची. निळ्या टोकाचं असलं तर बादलीत. तपकिरी, मोहरीच्या रंगाचं, बुटकं, गाठीगाठींचं काही असलं, की खांद्यावरून मागे, छपाक!

"हा शेणाचा गोळा कशाला आणलास?"

"जिवंत आहे गं तो. राहू दे ना एखादा."

"दहा वर्षांत मुठीएवढा व्हायचा नाही तो. बाग करतोय आपण, भंगाराचं दुकान नाही!"

गेनसेइ मान हलवायचा आणि पुन्हा बुडी मारायचा. बायकोशी वाद घालणं त्याला जन्मात जमलं नाही.

आणि बाग झाली, बरं का. काय बाग झाली! आठ वर्षांत तिथे निळे मासे पिंगा घालायला लागले. शहरातून माणसं बघायला येऊ लागली. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या पुनवेनंतर, पोवळ्यांचं बीज पाण्यावर यायचं. सकाळी किनाऱ्याशी गुलाबी साय धरलेली असायची, वासाने डोकं उठायचं. तोमे मग, "माझ्या लेकी बाळंत झाल्या!" असं ओरडत गावभर लाल चवळीचा भात वाटायची. एक मात्सुचं घर सोडून.

विद्यापीठातली एक मुलगी, इरेइ नावाची, दर वर्षी बाग मोजायला यायची. तोमेला ती 'ओबा', म्हणजे आजी, म्हणायची. एकदा म्हणाली, "ओबा, यात वेगवेगळ्या जातीची पोवळी मिसळा. निदान या जातीच्या दुसऱ्या आया तरी शोधा."

"लग्न झालंय का तुझं?" तोमेने विचारलं.

"नाही, ओबा."

"मग दुसरी आई शोधा म्हणून मला शिकवू नकोस."

सगळे हसले. गेनसेइ तेवढा हसला नाही. तो काहीतरी बोलणार होता, पण तोमेने त्याच्या हातात चहा दिला आणि ते राहूनच गेलं.

पुढच्या हिवाळ्यात गेनसेइ गेला. छपरावरून उतरला, "छातीत जरा जड वाटतंय," म्हणाला, आणि शिडीपाशीच बसला तो बसलाच. मूलबाळ नव्हतं. तोमेने घरातल्या देव्हाऱ्यात त्याचा फोटो मांडला आणि रोज सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवून एकच वाक्य बोलायचा नेम धरला: "बाग ठीक आहे." पावसापाण्याची, गावाची, दुखऱ्या गुडघ्याची कुठलीही हकिगत नाही. तेवढं एक वाक्य बोललं की तिचा दिवस सुरू व्हायचा. त्याचं तिच्यापाशी उरलं होतं ते तेवढंच, आणि ते नीट राखणं हेच आता तिचं काम होतं. साठी उलटलेली बाई स्वतः काच लावून पाण्यात उतरायला शिकली. तेव्हाही तिने फांद्या बांधल्या त्या निळ्याच.

मग ते वर्ष आलं. वादळच आलं नाही.

एरवी वादळाला शिव्या घालणारे आम्ही, पण पोवळ्यांना वादळ लागतं. ते समुद्र घुसळून खालचं गार पाणी वर आणतं. जून गेला, जुलै गेला, आभाळ स्वच्छ. पाण्यात पाय घातला तर न्हाणीघरातल्या टबात घातल्यासारखा वाटायचा. तोमे रोज गावदेवीच्या राईत जाऊन हात जोडायची, "एक वादळ धाड गं बाई, मोठं नको, मध्यम धाड." आणि तिथेच दुसऱ्या झाडाखाली मात्सु हात जोडून उभी असायची. तिचा ऊस डोक्याएवढा झालेला, वादळ आलं की आडवा. तिचं मागणं नेमकं उलटं. देवीने त्या वर्षी मात्सुचं ऐकलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी तोमे पाण्यात उतरली आणि थक्कच झाली. बाग पेटली होती! निळी टोकं विजेच्या दिव्यासारखी चमकत होती. कुठे जांभळा, कुठे गुलाबी, कुठे पोपटी रंग, असे रंग की अठरा वर्षांत तिने कधी पाहिले नव्हते. ती वर आली ती ओरडतच.

"फुलली! माझी बाग फुलली!"

त्या दिवशी तिने देव्हाऱ्यापुढे एका वाक्यावर भागवलं नाही. तासभर बोलत बसली. परातभर साता अंदागी तळले, गूळ घातलेले गोल गोल वडे, आणि रविवारी अख्ख्या गावाला होड्यांतून बाग दाखवायला नेलं. म्हातारे कोतारे काठाला ओणवे होऊन बघत होते. सरपंचाने भाषण केलं. मात्सु तेवढी किनाऱ्यावर पाठ करून शिंपले निवडत बसली होती.

इरेइ दुपारच्या बोटीने आली. तिने पाण्यात डोकं घातलं, वर काढलं, आणि तिचा चेहरा बघून लोकांच्या हातातले वडे हातातच राहिले.

"ओबा... हे कधीपासून?"

"चार दिवस झाले! बघितलीस ना? तुझ्या वहीत आहे का असं काही?"

"ओबा, हे फुलणं नाही." तिने तोमेचा हात धरला. "उन्हापासून जीव वाचवायला त्या हा रंग काढतात. शेवटचा. त्या भाजतायत, ओबा."

तोमेने तिच्याकडे पाहिलं, मग होडीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. हसतखेळत माणसांना बोलावून आणलं होतं, ते हे बघायला? परातीत अजून वडे शिल्लक होते. तिने त्यावर फडकं टाकलं आणि होडी परत फिरवायला सांगितली.

पंधरा दिवसांत बाग पांढरी पडली. एकही फांदी सुटली नाही, सगळीच्या सगळी. गावातल्या पोरांनी माडाच्या झावळ्या विणून पाण्यावर सावली धरली, तोमे बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून समुद्रात टाकायला निघाली होती. तिला धरून बसवावं लागलं. सप्टेंबरच्या शेवटी वादळ आलं. त्याचा आता काय उपयोग? पांढऱ्या फांद्यांवर तोवर तपकिरी शेवाळ चढलं होतं. बाहेरच्या कडेची ती जुनी आईसुद्धा गेली.

"तीन हजार," तोमे ओटीवर बसून म्हणत होती. "तीन हजारांतलं एक तरी जगायला नको? माणसांत साथ आली तरी कुणी ना कुणी वाचतंच की गं."

इरेइ तिच्या पायाशी बसली होती. सांगावं की नाही, याचा तिने बराच वेळ विचार केला असावा.

"ओबा, ती तीन हजार नव्हती. एकच होतं. एकाच आईचे तुकडे ना सगळे? जे तिला सोसलं नाही, ते कुणालाच सोसलं नाही."

इरेइने हातातली वही मिटली.

"आणि... त्यांचं बीजही एकच. स्वतःचं बीज स्वतःच्याच बीजाला धरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दर वर्षी किनाऱ्याला यायचं ना गुलाबी... त्यातून पोर बहुतेक एकही झालं नसेल."

"अकिसामियो!" तोमेच्या तोंडून एवढंच निघालं. इतकी वर्षं लाल भात वाटला होता तिने. बाळंतपणाचा! कशाचं बाळंतपण? ती मुलगी पुढे काय सांगतेय ते तिच्या कानांपर्यंतच पोचेना. इरेइ सांगत होती, की आजूबाजूला कुठे उन्हातान्हात वाढलेली, वेगळ्या रक्ताची पोवळी जगली असतील, तर त्यांचं बीज वाहत येईल आणि या मेलेल्या फांद्यांवर बसेल. बसायला जागा तर तयार आहे. पण तशी इथे कुठे दिसली नाहीत.

तोमेने फांद्या निवडल्या होत्या. आपल्याच हातांनी. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या सकाळी तिने देव्हाऱ्यापुढे चहा ठेवला आणि तोंड उघडलं, पण बोलायला काही नव्हतंच. खोटं सांगवेना, खरं कसं सांगायचं? चहा निवला. त्यानंतर ती चहा ठेवायची आणि फोटोकडे न बघता उठायची. दोन वर्षं तिने समुद्रात पाऊल टाकलं नाही. गाव तिला टाळत नव्हतं, तीच गावाला टाळत होती.

तिसऱ्या महिन्यातल्या त्या सणाला मात्र समुद्राला पाय न लावलेली बाई वर्षभर अशुभ समजतात आमच्याकडे. पहिल्या वर्षी तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी वाडीतल्या बायका दारात येऊन बसल्या. "ओबा, तू येत नाहीस तर आम्हीही जात नाही. होऊ दे सगळ्या गावाचं वाटोळं." काय करणार? टोपली न घेताच निघाली.

वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी. पाणी पार कडेपर्यंत मागे गेलेलं. तोमे घोट्याएवढ्या पाण्यातून चालत नकळत बागेपाशीच आली. काळ्या, मोडक्या फांद्या. तिने वाकून त्यांना हात लावला. निरोपच घ्यायचा होता तिला.

बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. फांदीवर मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका. शेजारी दुसरा. तिने डोळे बारीक केले. बोट फिरवलं, तर ठिपक्याला इवली तोंडं लागली. पुढच्या फांदीवर पाच. त्याच्या पुढच्या फांदीवर मोजता येईनात.

पोरं. पोवळ्यांची पोरं! पण ही कुणाची? तिच्या लेकींना तर पोर होत नव्हतं. पाणी ज्या बाजूने बागेकडे वाहत होतं, तिकडे तिने पाहिलं. तिकडे फक्त मासे अडवायला घातलेला तो जुना दगडी बांध. त्याच्या आतलं पाणी इतकं उथळ, की दुपारी चहासारखं तापायचं. गाळ, दगडगोटे. चांगल्या पोवळ्यासाठी तिथे कुणी कधी डोकावलंही नव्हतं. बांधाच्या टोकाला मात्सु एकटीच आठपायी शोधत उभी होती.

तोमे बांध ओलांडून आत उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

बांधाच्या आडोशाने ओळीने पोवळी बसली होती. तपकिरी, मोहरीच्या रंगाची, बुटकी, गाठीगाठींची. शेणाचे गोळे! कुणी मुठीएवढं, कुणी नारळाएवढं, सगळी जिवंत, धष्टपुष्ट. आणि प्रत्येकाच्या बुडाखाली काहीतरी लाल. ती गुडघ्यांवर बसली, वाळू बाजूला सारली.

कौल होतं.

त्याच्या शेजारीही कौल. त्याच्या पुढेही. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कौलं, दोन दोन बोटांचं अंतर सोडून, छपरावर बसवावीत तशी ओळीत. असं बसवणारा हात गावात एकच होता. एक कौल रिकामं होतं, त्यावरचं पोवळं कधीतरी मरून गळालेलं. ते तिने उचललं. ओलं कौल बोटांतून पाण्यात निसटलं. पुन्हा उचललं, उलटं केलं. खालच्या बाजूला खिळ्याने काहीतरी कोरलेलं होतं, पण चष्मा घरी.

पाण्यात पावलं वाजली. मात्सु येऊन उभी राहिली होती. तिने कौलाकडे पाहिलं. मग ओळीकडे. मग पुन्हा कौलाकडे. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींच्या एवढ्या जवळ उभ्या होत्या.

तोमेने कौल पुढे केलं. मात्सुने अंगठ्याच्या नखाने गाळ खरवडला, हात लांब करून धरलं आणि मोठ्याने वाचलं.

"'तोमेने फेकलं. मे महिना.'"

"काय?"

"'तोमेने फेकलं,'" मात्सु पुन्हा म्हणाली. "असंच लिहिलंय."

तोमे फतकल मारून पाण्यातच बसली. नव्या किमोनोसकट. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मेल्या! मुडद्या! मुखदुर्बळा! एवढ्या ओळी लावल्यास, आणि घरात एक शब्द बोलला नाहीस? माझ्या मागून गोळा करत होतास? मला शिडीवर चढू दिलंस? चोर ठरवू दिलंस हिला? मासे देत होतास, मासे!" ती पाण्यावर हात आपटत होती आणि रडत होती. लांबच्या बायका टोपल्या टाकून धावत आल्या. मात्सुने त्यांना हात करून तिथेच थांबवलं.

बऱ्याच वेळाने मात्सु म्हणाली, "माझ्या डुकरिणीने आठ दिवस तोंडात घास घेतला नव्हता."

"हो," तोमे म्हणाली. "चढले होते मी."

"ऊठ आता. भरती लागली."

मात्सुने हात दिला. तोमेने तो धरला, आणि दुसऱ्या हाताने कौल पोटाशी घेतलं. भरती गुडघ्याला लागेपर्यंत दोघी बांधावर उभ्या होत्या.

दुसऱ्या सकाळी तोमेने चहा केला. कौल देव्हाऱ्यात फोटोला टेकवून ठेवलं, अक्षरांची बाजू पुढे करून. चहा ठेवला. दोन वर्षांनी तिने वर बघितलं. गेनसेइ तसाच होता, काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा. चहा निवत आला. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली,

"बाग ठीक आहे."